मऊ अस्तर

सोमवार, ४ मार्च

आवाज जपून वापरा असं डॉक्टरांनी बजावल्यापासून घरातला माझा दरारा पार उतरला आहे. ओरडताच येत नाही. ओरडायचं ते सगळं इथे लिहावं असं आज ठरवलं. ही म्हणाली, "लिहा की. मला मात्र वाचायला देऊ नका, मला झोप येते." जसा काही मी देणारच होतो.

दुपारी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं आणि खिडकीच्या उजेडात दांडीचा आरसा तोंडात घातला. माणसांच्या तोंडात बघणं हे खरं तर माझं काम नाही. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी त्यांवरून कवळ्या बनवतो. जन्मभर तोंडं पाहिली ती प्लॅस्टरची. आज स्वतःचं पाहिलं. घशाच्या मागच्या भिंतीवर, बरोबर रेडिएशन दिलं त्याच जागी, पांढरे डाग. पातेल्याच्या कडेला साय धरते तसे. भोवतीचं मांस लालभडक.

म्हणजे तो परत आला. घोट घोट पाणी गिळताना निखारा उतरल्यासारखं होतंय ते उगाच नाही.

गेल्या वर्षी शेक संपले (आम्ही पेशंट लोक रेडिएशनला शेकच म्हणायचो) आणि डॉक्टर म्हणाले की आता काही दिसत नाही, तेव्हा मी नातेवाईक जमवून घोगऱ्या आवाजात भाषण ठोकलं होतं. 'मी त्याला चारी मुंड्या चीत केलं,' असं म्हणालो. हिच्या भावाने डोळे पुसले, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता त्याच लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? खरं तर भीती वाटायला हवी. मला लाज वाटते आहे. पास झालो म्हणून सगळीकडे मिरवलो आणि निकाल चुकीचा निघाला, तशी.

हिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

शनिवार, ९ मार्च

शनिवार, म्हणून लिफ्टवाल्यांकडे गेलो. त्यांची माझी ओळख शेकाच्या रांगेतली. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं, धंद्यावरून हाक मारायचे. ते लिफ्टवाले, मी दातवाले. आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. सगळं मजल्यांत मोजतो. बायको गेल्यापासून मुलीकडे राहतात. मुलगी शाळेत गणित शिकवते, मला काका म्हणते.

दोघांचाही गळ्याचा आजार, दोघांनाही शेक, आणि शेकाआधी दोघांचेही उरलेसुरले दात काढलेले. नंतर मी माझी कवळी बनवली आणि तश्शीच त्यांचीही, आपणहून, भेट म्हणून. शेकलेल्या हिरड्यांना साधी कवळी टोचते, रक्त येतं. म्हणून मी आतून मऊ अस्तर लावलं. असली अस्तरं बाजारात मिळतात, पण मी हाताने थरावर थर दिले, चांगलं जाड. बोटाने दाबलं तर दबतं. पहिल्यांदा घातली तेव्हा लिफ्टवाले म्हणाले, "दातवाले, ही गादी आहे का कवळी?" आणि मुलीच्या देखत सफरचंदाची फोड कराकरा खाल्ली. त्या दिवशी माझी छाती फुगली होती ती अजून उतरलेली नाही. माणसाने कला दाखवावी ती अशी.

आज मात्र त्यांनी दुधात भिजवलेला पावही अर्धाच खाल्ला. "मधल्या मजल्यावर अडकतंय," म्हणाले. मी म्हटलं, म्हातारपण. माझं लक्षच नव्हतं, माझ्याच घशातला निखारा मी सांभाळत बसलो होतो.

निघताना त्यांनी विचारलं, "रात्री काढून ठेवली तर चालेल का हो? जरा जडावतं." मी म्हटलं, "अजिबात नाही. अस्तर सुकलं की आकार बिघडतो. मी स्वतः काढत नाही."

हे धादांत खोटं आहे. अस्तर पाण्यात ठेवलं तर काही होत नाही. जन्मभर गिऱ्हाइकांना मी चिठ्ठीवर लिहून देत आलो आहे की रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. मी काढत नाही त्याचं कारण वेगळं आहे. हिने मला बिनदातांचं पाहिलेलं नाही. दात काढल्यापासून कवळी होईपर्यंत मी तोंडावर रुमाल धरून वावरलो, जेवलो ते वर्कशॉपमध्ये. गालफडं आत गेलेलं ते तोंड मी स्वतः आरशात एकदा पाहिलं आणि आरसा उलटा करून ठेवला. पण हे लिफ्टवाल्यांना कसं सांगणार? म्हणून अस्तराच्या नावावर खपवलं.

मंगळवार, १२ मार्च

खोकल्याने हिची झोपमोड नको म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपतो. निदान कारण तरी तेच सांगितलं आहे. ही रोज संध्याकाळी माझ्या उशाशी पाण्याचा ग्लास ठेवते आणि शेजारी एक झाकणाचा वाडगा, अर्धा पाण्याने भरून. सकाळी तो वाडगा तसाच ओतून टाकते आणि संध्याकाळी पुन्हा भरते. ग्लास असताना वाडगा कशाला? वाफ घ्यायला म्हणावं तर पाणी गार. हिच्या डोक्यात अधूनमधून अशी खुळं शिरतात. विचारत बसलो नाही.

शुक्रवार, १५ मार्च

पकडला गेलो. आज सलग तिसरं जेवण मी सूपवर भागवलं तेव्हा ही म्हणाली, "चला, उठा, डॉक्टरांकडे. नाटकं पुरे झाली." स्वतःच रिक्षा थांबवून मला हॉस्पिटलात घेऊन गेली.

गळ्याच्या डॉक्टर आता नव्या आहेत, तरुण बाई. नाकातून बारीक नळी घातली, पडद्यावर माझा घसा दाखवला. मी डोळे मिटून घेतले. हिने मिटले नाहीत. मग कापसाच्या काडीने डाग खरवडला, तो आला निघून. "थांबा बाहेर," म्हणाल्या. बाहेर बसून मी मनातल्या मनात वर्कशॉप कुणाला द्यायचं ते ठरवून टाकलं.

आत बोलावलं. म्हणाल्या, "बुरशी आहे. आजार परतलेला दिसत नाही."

मला आधी कळेचना. बुरशी पावाला येते, ओल्या भिंतीला येते. डॉक्टरांनी नीट समजावलं. शेकाने घशातलं मांस भाजून निघालेलं असतं, लाळेच्या ग्रंथी सुकलेल्या असतात. धुऊन न्यायला लाळ नाही, झुंजायला धड कातडी नाही, मग तोंडात एरवी गुपचूप राहणारी बुरशी हातपाय पसरते. जिभेवर घोळवून गिळायचं पिवळं औषध दिलं, गोळ्या दिल्या. मग विचारलं, "कवळी रात्री काढून ठेवता ना?"

"हो, हो. रोज," मी म्हटलं.

ही शेजारीच होती. तिने पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

आनंद व्हायला हवा होता. झाला, रिक्षात बसेपर्यंत. मग नवीच लाज सुरू झाली. त्या आजाराचं नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात. बुरशी म्हटलं की नाक मुरडतील. माझ्या तोंडात बुरशी! दुसऱ्यांची तोंडं सजवणाऱ्याच्या! हिला बजावलं, कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हण. ही म्हणाली, "लिफ्टवाल्यांना पण?" मी म्हटलं, "त्यांना तर मुळीच नको."

शनिवार, २३ मार्च

औषधाने उतार आहे. आज उकडलेला बटाटा खाल्ला, मीठ घालून. स्वर्ग.

लिफ्टवाल्यांकडे जाऊन आलो. ते फार वाळलेत. मुलगी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "काका, बाबा गिळताना डोळे मिटतात. मी विचारलं तर म्हणतात, चव घेतोय." मी म्हटलं, वय झालं की भूक मंदावते. घरी आल्यावर हिने त्यांची चौकशी केली. सांगितलं ते ऐकून हिने निवडायची भाजी बाजूला सारली. म्हणाली, "तुम्हाला काहीच वाटलं नाही?" काय वाटायचं?

शनिवार, ६ एप्रिल

डाग परत. या वेळी जास्त. औषध एक दिवसही चुकवलेलं नाही. चिडचिड होते आहे, सकाळी एका डॉक्टरांकडून आलेल्या मापाची कवळी घासताना दात तोडला.

लिफ्टवाल्यांच्या घरी वातावरण वाईट आहे. मुलगी त्यांना आमच्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. घशात व्रण दिसला. डॉक्टर म्हणाल्या, बुरशी असेल, नाहीतर आजार परतला असेल, एक तुकडा काढून तपासू. तुकडा म्हटल्याबरोबर लिफ्टवाले उठून बाहेर आले. शेक देताना तोंडावर जाळीचा मुखवटा ठोकून टेबलाला बांधून ठेवतात ते पुन्हा नको म्हणतात. "दातवाले, ही लिफ्ट आता स्क्रॅपला काढायची. दुरुस्ती पुरे." मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मला त्यांचा फार राग आला. इतक्या लवकर हार मानतात? मी बघा कसा लढतो आहे.

बुधवार, १० एप्रिल

आजचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

डॉक्टरांनी कवळी काढायला लावली. हिच्या समोर. मी म्हटलं, हिला बाहेर बसू दे. ही आपणहून उठली, दारापाशी गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिली. मी पाठ फिरवून कवळी काढली, रुमालात धरून दिली. डॉक्टरांनी अस्तराला चिमटा लावला, कडेचा बारीक तुकडा उचलला आणि काचेवर घेऊन शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या. मग मलाही दाखवलं. माझ्या हाताने थरावर थर दिलेलं ते अस्तर. आत धाग्यांचं रान माजलं होतं.

"हे स्पंजासारखं असतं," त्या म्हणाल्या. "घासून निघत नाही. इथून रोज रात्रंदिवस घशात उतरतंय, औषध काय करणार? रात्री काढत असता तरी थोडं वाचला असता. शेक झालेल्या माणसाला एवढं जाड अस्तर लावतं का कुणी? कुणी बनवली ही?"

फायलीत माझ्या धंद्यापुढे 'स्वतःचा' एवढंच लिहिलेलं आहे. कसला ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाहेरून करून घेतली."

"मग ज्याने बनवली त्याला जाऊन सांगा. आणखी कुणाला असली दिली असेल तर त्याच्या जिवावर बेतेल."

ही कॅलेंडर वाचतच होती. एप्रिलचं पान वाचायला एवढा वेळ लागत नाही. बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "त्याला सांगणार ना, ज्याने बनवली?" मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. स्वतःच्या हातचं काम मी नाकारलं, आणि तेही हिच्या कानांदेखत.

आत्ता लिहिताना ध्यानात येतंय. अशा कवळ्या मी दोनच बनवल्या.

शनिवार, १३ एप्रिल

सांगायला म्हणूनच गेलो होतो. वाटेत वाक्यं पाठ केली. घरात शिरलो तर लिफ्टवाले जमिनीवर बसून हत्यारं वाटून ठेवत होते. पाने, पकडी, तारा, प्रत्येकाचा वेगळा ढीग, प्रत्येक ढीग कुणाला ते ठरलेलं. मला त्यांनी एक पितळी तिकोनी चावी दिली. लिफ्ट मध्येच अडकली की बाहेरून दार उघडायची ती चावी. "किती जणांना काढलं हिने," म्हणाले. "माझ्या सगळ्यात कामाची वस्तू. तुम्ही मला सफरचंद खायला घातलंत, दुसरं काय देणार तुम्हाला?" हसले. माझ्या कवळीतले ते दात, एकसारखे, सुबक, आणि त्यांच्या मागे तो घसा.

मुलीने चहा आणला. मी चहा प्यायलो. चावी खिशात घातली आणि घरी आलो.

काय म्हणून बोललो नाही? ते रागावतील याची भीती नव्हती. ते रागावणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण ती सफरचंदाची फोड त्यांनी मुलीच्या देखत खाल्ली होती, आणि त्या घरात मी तोच माणूस आहे. दुसरा कुणी व्हायला मला जमेना. एवढीशी गोष्ट. तिच्यापायी मी एका माणसाला उपाशी ठेवून आलो.

हिने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, आज ते दमले होते.

शनिवार, २० एप्रिल

डोकं चालवलं. न सांगताही काम होईल अशी युक्ती काढली. म्हटलं, "लिफ्टवाले, कवळी द्या जरा, पॉलिश करून आणतो." मनात होतं की नेऊन अस्तर सोलून फेकायचं, उकळत्या औषधात धुवायची, नवीन कडक बैठक द्यायची. कुणाला काही कळायचं कारण नाही. साप मरेल आणि मी हातात काठी घेतलेली दिसणारही नाही.

ते दचकून मागे सरकले. तोंडावर हात ठेवला. "मुलीसमोर बिनदातांचा बसू? नको हो. आणि तुम्हीच तर म्हणालात, रात्रीसुद्धा काढायची नाही. मी एकदाही काढलेली नाही, शपथेवर सांगतो." शाळेतल्या शहाण्या पोरासारखं सांगत होते.

माझी लाज मी त्यांच्या तोंडात बसवून आलो होतो. मापाने बनवून, घट्ट.

तासभर बसलो. त्यांनी दोन चमचे दूध घेतलं. दुसरा चमचा परत आला.

रविवार, २१ एप्रिल

सकाळी हिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर." कुठे ते तिने विचारलं नाही. साडी बदलली आणि चपला घालून दारात उभी राहिली.

लिफ्टवाले खाटेवर होते, मुलगी पायाशी. मी मधोमध स्टूल ओढून बसलो. पाठ केलेली वाक्यं एकही आठवेना. मग मी दोन्ही हातांनी कवळी काढली, वरची आणि खालची, आणि त्यांच्या औषधांच्या बाटल्यांशेजारी टेबलावर ठेवली. खोलीत तिघं माणसं, त्यातली एक ही. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही.

बिनदातांचं बोलणं किती घाणेरडं ऐकू येतं ते मला धंद्यामुळे माहीत आहे. दात नाही, थुंकी नाही, स आणि त धड उमटेना. तरी बोललो. की ही बुरशी आहे. की माझ्या घशात आहे आणि बहुतेक तुमच्याही. की ती त्या अस्तरात राहते, अस्तर मी लावलं. की रात्री काढू नका म्हणालो ते खोटं होतं. बायकोपासून तोंड लपवायचं होतं म्हणून मी काढत नव्हतो, आणि तुम्हाला कारण भलतंच सांगितलं.

लिफ्टवाले ऐकत होते. मग म्हणाले, "डॉक्टरांनी मला पण सांगितलं होतं, ही काढून ठेवा म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, बाई, ज्याने बनवली तो स्वतः तशीच घालतो आणि काढत नाही. तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते आज कळलं. मी चावी काढून त्यांच्या हातात ठेवली. "ही परत घ्या. मला नको." त्यांनी चावी उशीखाली सरकवली, मुलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे वळून कवळी काढली. पुन्हा आमच्याकडे वळले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. दोन्हीकडे सारखीच गालफडं, सारखीच हनुवटी वर आलेली. आधी त्यांना हसू आलं. मला नाही आवरलं. हसताना दोघांचेही घसे जळत होते.

मुलगी हसली नाही. तिने बाबांची कवळी रुमालात गुंडाळली आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे." त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी. ही नेहमीसारखी ग्लास आणि झाकणाचा वाडगा घेऊन आली. मी विचारलं, "हा वाडगा कशासाठी ग?"

"विचारलंत शेवटी," ही म्हणाली. "मी म्हटलं, लाज वाटत असेल तर वाटू दे, निदान भांडं तरी हाताशी असू दे. मी आत असते, मला काही दिसत नाही." मग वाडगा उशाशी ठेवत म्हणाली, "तुम्ही रुमाल धरून वर्कशॉपमध्ये जेवायचात ना, तेव्हा मी इकडे एकटी जेवायचे. दातांचं काय घेऊन बसलात?"

मला वाटत होतं मी तिला काहीतरी बघण्यापासून वाचवतो आहे.

शुक्रवार, ३ मे

लिफ्टवाल्यांच्या तपासणीचा निकाल. त्यांनी मला बरोबर बोलावलं होतं. मुलीने नव्हतं. मी बिनकवळीचाच गेलो, अस्तर सोलून फेकलं आहे आणि नवीन करायला हात अजून धजलेला नाही.

डॉक्टर म्हणाल्या, आजार नाही. बुरशीच, पण खोलवर गेलेली. भाजलेल्या मांसात इतके दिवस राहिल्याने अन्ननलिकेचं तोंड आवळलंय. सध्या नाकातून नळीने दूध द्यायचं, मग नलिका थोडी थोडी रुंद करत न्यायची. पूर्वीसारखं गिळणं येईल का, ते आत्ता सांगता येणार नाही. सफरचंदाचं मात्र विसरा, असं त्यांनी हसत सांगितलं. त्यांना त्या फोडीची गोष्ट माहीत नव्हती.

मग ती कवळी हातात घेऊन म्हणाल्या, "अगदी अशीच मी गेल्या महिन्यात पाहिली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझे कान गरम झाले. "कुणी बनवली ही?"

मी तोंड उघडायच्या आत लिफ्टवाले म्हणाले, "बाहेरून करून घेतली."

तेच शब्द. मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते माझ्यासाठी, माझ्या डोळ्यांसमोर, नव्याने शोधून काढले होते, आवळलेल्या गळ्यातून.

मी म्हटलं, "मी बनवली. माझीही मीच. तेव्हा खोटं बोललो." डॉक्टरांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि फायलीत काहीतरी लिहिलं.

बाहेर आलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत उभे असताना मुलीने त्या रविवारनंतर प्रथमच माझ्याशी बोलायला तोंड उघडलं.

"काका, तुम्हाला नक्की कधी कळलं?"

"दहा एप्रिलला."

तिचं गणित पक्कं आहे. "म्हणजे बाबांनी तुम्हाला चावी दिली त्याच्या आधी."

"हो."

"मी चहा केला होता."

"हो."

लिफ्ट आली. बाबांचा दंड धरून ती आत गेली. लिफ्टवाल्यांनी दार मिटू नये म्हणून पाय आडवा घातला, सवयीने, बुटाचं टोक बरोबर फटीत. "या की, दातवाले. चार माणसांची आहे, आपण तिघंच."

मी म्हटलं, मी जिन्याने येतो. आणि वळलो. कठड्याला धरून उतरलो, थांबत थांबत, धाप लागत होती. तिच्यासमोर त्या एवढ्याशा पेटीत उभं राहायची माझी हिंमत नव्हती. खाली आलो तेव्हा वाटलं होतं ते दोघं फाटकापर्यंत गेले असतील. तळमजल्यावर कुणी नव्हतं. लिफ्टच्या दाराशी चार-पाच जण खोळंबून उभे होते. एक जण बटण दाबून दाबून वैतागला होता.

वर पाहिलं. आकडा अजून तिनावरच होता. त्यांनी पाय काढला नव्हता.

मी पुन्हा जिना चढायला लागलो.